तक्रार खरी, कारण भलतंच

चार मराठी माणसं जेवायला बसली की पहिला भात संपायच्या आत तीन निकाल लागलेले असतात. मिक्सरच्या चटणीला पाट्यावरच्या चटणीची सर नाही. नव्या मोठ्या टीव्हीवर सिनेमा सिनेमासारखा वाटत नाही. आणि फोन दोन वर्षांत मंद होतो, कारण कंपनीच तो मुद्दाम मंद करते. या निकालांवर अपील नसतं. पंगतीत एखादा इंजिनियर किंवा रसायनशास्त्राचा प्राध्यापक असलाच, तर तो 'मनाचे खेळ असतात हो' म्हणतो आणि आमटी वाढून घेतो.

त्या प्राध्यापकाचं मला पटत नाही. रोजच्या वापरातल्या गोष्टींबद्दल लोक जे बोलतात त्याचे दोन भाग पडतात. 'काहीतरी बदललंय' हा पहिला आणि 'ते अमक्यामुळे बदललंय' हा दुसरा. पहिला भाग जीभ, नाक, कान आणि डोळे सांगतात, आणि ही मंडळी आपापल्या कामात तरबेज असतात. दुसरा भाग शेजारी, व्हॉट्सॲप आणि सोसायटीचे सेक्रेटरी मिळून ठरवतात. दुसरा हास्यास्पद निघाला की जाणकार पहिल्यालाही केराची टोपली दाखवतात. या प्रकरणात आपण पहिल्याचं वकीलपत्र घेणार आहोत. तो कुठे डळमळतो तेही पाहू, पण नंतर.

टीव्हीची तक्रार सगळ्यांत विचित्र, म्हणून आधी ती. नवा पंचावन्न इंची टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो, हौसेनं 'शोले' लावला जातो, आणि दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतं, 'हे सिरियलसारखं का दिसतंय?' चित्र स्वच्छ असतं, रंग झकास असतात, तरी सगळं स्टुडिओत मेकअप करून उभं केल्यासारखं वाटतं. मग कारणं निघतात. 'जास्तच क्लिअर आहे', 'जुन्या पिक्चरला फोर-के सोसत नाही', 'पॅनल चायनाचं असणार'.

खरं कारण हालचालीत आहे. बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून, सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या वेगानं धावतो. हा आकडा कुणा कलावंताच्या प्रतिभेतून आलेला नाही. फिल्मवरचा आवाज बरा उमटावा इतका तो जास्त आणि फिल्मचा खर्च परवडावा इतका तो कमी, अशी ती तडजोड होती. २४ चित्रांत हालचाल किंचित पुसट, किंचित अडखळती दिसते. मालिका, बातम्या आणि सामने मात्र व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपले गेले. आपल्याकडच्या पद्धतीत त्यांत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असत, एकदा एकाआड एक ओळींचं आणि लगेच उरलेल्या ओळींचं. म्हणजे हालचालीचे ५० नमुने. त्यामुळे मालिकेतली सासू वळली तर ती लोण्यासारखी वळते, आणि सिनेमातला नायक वळला तर त्याच्या कडा थोड्या विरघळतात. चाळीस-पन्नास वर्षं दोन्ही पाहून आपल्या डोळ्यांनी एक नियम शिकून घेतला: गुळगुळीत हालचाल म्हणजे टीव्ही, अडखळती हालचाल म्हणजे सिनेमा. हा नियम आपल्याला कुणी शिकवला नाही आणि तो आपल्याला ठाऊक आहे हेही आपल्याला ठाऊक नसतं.

एलसीडी पडद्याची अडचण वेगळीच आहे. तो प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो. डोळा धावत्या चेंडूच्या मागे सरकत असतो आणि चित्र जागीच थांबलेलं असतं, त्यामुळे चेंडू फरफटलेला दिसतो. यावर कारखानदारांनी काढलेला तोडगा असा की दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रं टीव्हीनंच अंदाजानं तयार करायची. 'शोले'तल्या धावत्या घोड्याच्या दोन पावलांमधला घोडा कोणत्याही कॅमेऱ्यानं टिपलेला नाही, तो तुमच्या टीव्हीनं काढलेला असतो. घोडा मस्त गुळगुळीत धावतो आणि डोळा ताबडतोब निकाल देतो: सिरियल!

हे निदान किती अचूक आहे पाहा. ज्या माणसाला सेकंदाला किती चित्रं असतात याचा पत्ता नाही, त्यानं कुठल्याही उपकरणाशिवाय चित्रांचा वेग बदलल्याचं ओळखलं आणि त्या वेगाचं मूळ गावही सांगितलं. अमेरिकेत या तक्रारीचं नावच 'सोप ऑपेरा इफेक्ट' पडलं. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी एक छोटा व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायची विनंती केली. पुढच्या वर्षी टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेनं 'फिल्ममेकर मोड' आणला. तो नसलेल्या टीव्हीवर सेटिंगमध्ये जाऊन 'मोशन', 'स्मूद', 'क्लॅरिटी' असलं काही नाव शोधावं लागतं, कारण प्रत्येक कंपनीनं त्याचं बारसं वेगळं केलंय. क्रिकेटला ते चालू ठेवायला हरकत नाही.

याच टीव्हीबद्दलची दुसरी तक्रार, संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणी मात्र घर दणाणून सोडतात, ही आजोबांच्या कानावर ढकलली जाते. कानाचा दोष असेलही. पण बोटभर जाडीच्या टीव्हीत स्पीकर पुढे तोंड करून बसवायला जागाच नसते. ते जमिनीकडे किंवा भिंतीकडे बोलतात. त्यात सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो, जिथे संवादाला पडद्यामागे मधोमध स्वतंत्र स्पीकर मिळतो. घरी ती सगळी वाजंत्री दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबली जाते. मग सबटायटल लावून मराठी माणूस मराठी सिनेमा बघतो.

आता चटणी. 'हाताची चव', 'दगडाचं सत्त्व', 'विजेवर वाटलं की जीव जातो' ही कारणं बाजूला ठेवू. पाटा आणि मिक्सर ही दोन वेगवेगळी कामं करतात. वरवंटा पदार्थ चिरडतो आणि रगडत पुढे नेतो. मिक्सरचं पातं कापतं. लसणाची सोललेली अखंड पाकळी नाकाशी धरा, वास जेमतेम येतो. तिच्या पेशींत ॲलिन नावाचं द्रव्य आणि त्याच्यावर काम करणारं विकर हे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं, लसणाचा तो नाकात जाणारा झणझणीतपणा. जितक्या पेशी फुटतील तितका झणका. दोन दगडांत सापडलेली पाकळी जवळजवळ पेशी न् पेशी फुटून निघते. पात्याखाली तिचे बारीक तुकडे होतात, पण तुकड्याच्या पोटातल्या पेशी बऱ्याचशा शाबूत राहतात. खोबऱ्याचं आणि शेंगदाण्याचंही तसंच. रगडल्यावर त्यांचं तेल बाहेर येतं आणि चटणी स्वतःच्याच तेलात भिजते. पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी बोटाला तेलकट लागते ती म्हणून.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. मिक्सरचं पातं रिकामं असताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. भांडं तापतं आणि झाकण उघडताच जो घमघमाट येतो, तो चटणीतून निघून गेलेला वास असतो. आणि ओली चटणी पाण्याशिवाय फिरत नाही. भांड्याच्या कडेला चिकटून बसते, म्हणून आपण दोन चमचे पाणी घालतो, मग आणखी एक. पाट्यावर पाण्याचा हबका मारला तरी पुरतो. मिक्सरच्या चटणीला चव कमी लागते याचं निम्मं उत्तर माझ्या मते या पाण्यातच आहे, आणि त्यात गूढ काही नाही.

पण म्हणून मी पाट्याची आरती ओवाळणार नाही. पाट्याच्या चवीबद्दल सगळ्यांत हळवं बोलणारी माणसं बहुधा पाट्यावर कधी बसलेली नसतात. खांदे आणि कंबर ज्यांची गेली त्या बायकांनी मिक्सरचं स्वागतच केलं. परदेशी मिक्सर आपल्या सुक्या खोबऱ्यापुढे आणि हळकुंडापुढे जळून जायचे, कारण ते फळांचा रस आणि मऊ पदार्थांसाठी बनवलेले. १९६०च्या दशकात मुंबईतल्या माथुर दांपत्यानं, पती इंजिनियर आणि पत्नीचा परदेशी मिक्सर बिघडलेला, दणकट मोटरचा 'सुमीत' तयार केला तो या गरजेतून. ज्याला चवही हवी आणि खांदेही शाबूत हवेत, त्यानं लसूण-मिरची खलबत्त्यात ठेचावी आणि बाकीचं मिक्सरला थांबत थांबत, एकेक झटका देऊन फिरवावं.

टोमॅटोबद्दलचं मत तर आता राष्ट्रीय झालंय: 'नुसता लाल, चव शून्य.' कारण म्हणून 'इंजेक्शन' हा शब्द बाजारात फार चालतो. एकेका टोमॅटोला सुई टोचत बसायला कुठल्या व्यापाऱ्याकडे वेळ आहे, हे विचारायचं राहूनच जातं. खऱ्या कारणांपैकी एक आपल्याच घरात आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटानं २०१६ साली दाखवलं की पिकलेला टोमॅटो ५ अंश सेल्सियसला सात दिवस ठेवला, तर त्याच्यातली वास तयार करणारी काही जनुकं गप्प बसतात. बाहेर काढून एक दिवस खोलीच्या तापमानाला ठेवलं तरी ती नीट जागी होत नाहीत. साखर आणि आंबटपणा फारसा बदलत नाही, जातो तो सुगंध, आणि टोमॅटोची अर्धी चव सुगंधातच असते. दुसरं कारण २०१२ साली पुढे आलं. फळ एकसारखं, डाग न राहता लाल व्हावं म्हणून दशकानुदशकं जी वाणं निवडली गेली, त्यांत एक जनुक निकामी झालेलं असतं. तेच जनुक कच्च्या फळाच्या देठाजवळ गडद हिरवे खांदे आणतं आणि फळात साखर वाढवायला मदत करतं. गावठी टोमॅटोचे हिरवे खांदे बघून नाक मुरडणाऱ्यांनी चवीलाच नापास केलं होतं. टोमॅटो ओट्यावरच्या टोपलीत ठेवावेत. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात जागा असली म्हणून सगळंच त्यात जायला हवं असं नाही.

फोनच्या बाबतीत गंमत अशी की लोकांचं कारणही बरंचसं बरोबर निघालं. 'कंपनी मुद्दाम फोन स्लो करते' या बोलण्याला वर्षानुवर्षं कटाच्या गोष्टींत जमा केलं जात होतं. मग डिसेंबर २०१७मध्ये फोनचा वेग मोजणारं गीकबेंच हे सॉफ्टवेअर बनवणारे जॉन पूल यांनी हजारो आयफोनचे आकडे आलेखावर मांडले, आणि त्यांत वेगाचे ठळक टप्पे दिसले. फोन फक्त जुना होत असता तर असे टप्पे पडले नसते. काही दिवसांतच ॲपलनं मान्य केलं की होय, बॅटरी थकलेल्या काही मॉडेलांचा वेग सॉफ्टवेअर वेळप्रसंगी कमी करतं.

हेतूबद्दल मात्र कंपनीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या टिकणारं होतं. लिथियम-आयन बॅटरी वापरानं म्हातारी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडताना किंवा गेम सुरू करताना फोन एका दमात भरपूर प्रवाह मागतो, तेव्हा जुन्या बॅटरीचा दाब एकदम कोसळतो आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. मागणीच कमी केली तर फोन मंद चालतो, पण चालतो. हे करणं गैर नव्हतं, न सांगता करणं गैर होतं. बॅटरी बदलून काम भागलं असतं तिथे लोकांनी नवे फोन घेतले. कंपनीनं माफी मागून अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला, आणि ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरो दंड झाला. आता फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसते ती या भांडणानंतर. फोन मंद झाला असेल तर दुकानात शिरण्याआधी तो आकडा बघावा.

इथपर्यंत तक्रारदारांनी सगळे सामने जिंकले. आता अजिनोमोटो.

१९०८ साली तोक्योचे किकुने इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या सूपमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि पुढच्या वर्षी ते अजिनोमोटो या नावानं विकायला आलं. साठ वर्षं ते बिनबोभाट खपलं. १९६८मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट हो मॅन क्वॉक यांचं एक पत्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेपाशी बधिरपणा आणि धडधड होते, असं त्यांचं म्हणणं. कारण म्हणून त्यांनी स्वयंपाकातली वाइन, मीठ आणि ग्लुटामेट असे अनेक संशयित उभे केले होते. पण जगानं त्यांतला परका वाटणारा एकच धरला. पुढे, आपल्याला अजिनोमोटो बाधतं असं स्वतः सांगणाऱ्या १३० जणांना, कुणाला काय दिलंय ते कुणालाच ठाऊक नसताना, ते पुन्हा पुन्हा देऊन पाहिलं. रिकाम्या पोटी मोठी मात्रा दिल्यावर थोडा फरक दिसला, पण तीच माणसं पुन्हा तपासली तर तो अनुभव जवळजवळ कुणाचाच टिकला नाही. पिकलेला टोमॅटो, मुरलेलं चीज, आईचं दूध यांतही हेच ग्लुटामेट असतं.

म्हणजे इथे पहिला भागही खोटा? पुरता नाही. चायनीजच्या गाडीवर रात्री दहाला शेजवान राइस खाल्ला की रात्रभर तहान लागते, पोट जड वाटतं, हे खरंच होतं. सॉसांतलं मीठ, तेल आणि रात्रीची वेळ यांनी ते होणारच. शरीरानं तहान बरोबर नोंदवली, डोक्यानं तिच्यावर आयतं नाव चिकटवलं. २०१५मध्ये मॅगीच्या प्रकरणानं हे नाव आणखी घट्ट बसवलं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीतून नमुना गेला तो पाकिटावर 'एमएसजी घातलेलं नाही' असं लिहिलंय ते खरं का, हे पाहायला. पुढे शिशाचा आकडा निघाला, मर्यादा दहा लाखांत अडीच भाग आणि अहवालात १७.२. जूनमध्ये देशभर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झालेली नव्हती आणि कंपनीची बाजू नीट ऐकली गेली नाही म्हणून, ती रद्द केली. नोव्हेंबरात मॅगी परत दुकानात. शिसं हे विष आहे आणि ग्लुटामेट नाही, पण लोकांच्या आठवणीत दोन्ही एकाच पाकिटात राहिली.

जिभेवर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे घरीच ठरवता येतं. त्याची पद्धत चहावरून निघाली. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शेवाळतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे त्या चवीवरून ओळखतात. शेजारी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर होते. त्यांनी 'काहीतरीच' म्हणून विषय सोडला नाही. चार कप एका पद्धतीचे, चार दुसऱ्या, क्रम कसाही. नुसत्या अंदाजानं आठही बरोबर ओळखायची शक्यता सत्तरात एक. १९३५ सालच्या फिशरच्या पुस्तकात या चाचणीचं गणित आहे, निकाल नाही. पण तिथे हजर असलेल्यांकडून पुढे आलेली कथा अशी की बाईंनी सगळे कप बरोबर सांगितले. आज औषधांच्या आणि बियाण्यांच्या चाचण्या ज्या विचारावर चालतात, त्याचं हे गाजलेलं उदाहरण एका बाईच्या चहाच्या नखऱ्यातून आलं.

आपल्याकडे दूध चहातच उकळतं, त्यामुळे हा वाद नाही. पण चटणीसाठी आणखी सोपी रीत आहे. तीन वाट्या, दोन वाट्यांत एकच चटणी, तिसरीत दुसरी, खाणाऱ्याचे डोळे बांधलेले. वेगळी वाटी कोणती एवढंच विचारायचं, 'चांगली कोणती' हे नाही. एकाला अंदाजानं तीनात एकदा जमेल. घरातल्या सहाही जणांना नुसत्या अंदाजानं जमण्याची शक्यता ७२९ मध्ये एक. डोळे बांधणं महत्त्वाचं, कारण चटणीचा भरडपणा दिसला की जीभ काम सोडून देते.

या रीतीला एकच मत दाद देत नाही, आणि ते मराठी माणसाचं सगळ्यांत लाडकं आहे: हापूस पूर्वीसारखा राहिला नाही. संशयित भरपूर आहेत. कर्नाटकाचा आंबा देवगडच्या पेटीत शिरतो, म्हणून तर २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, तरी ते वापरल्याच्या बातम्या येतात. त्याच्या वायूनं साल दोन दिवसांत पिवळी होते, पण कोवळ्या काढलेल्या फळात न भरलेली साखर आणि न तयार झालेला वास कुठून येणार? गवताच्या अढीत सावकाश पिकलेल्या आंब्याशी त्याची बरोबरी नाही. आणि एक संशयित खाणाराही आहे, कारण साठीनंतर नाक मंदावतं आणि हापूस हा निम्मा नाकानं खायचा पदार्थ. देवगडची फोड आणि कर्नाटकची फोड तीन वाट्यांत घालून घरी ओळखायला लावता येते, अढीचा आणि कार्बाइडचा आंबाही. १९७५चा हापूस मात्र तिसऱ्या वाटीत घालता येत नाही, त्यामुळे हा खटला दर एप्रिलात नव्यानं उभा राहतो आणि निकाल न लागताच पेटी संपते.